मोडकांची न लवणारी गाडी

केशवराव मोडक भेटले की नमस्कार करत नसत. समोरच्याच्या खांद्यावर तळवा ठेवून दाबत आणि सोडून देत. माणूस किती खाली जातो आणि वर आल्यावर किती वेळ हलतो, हे ते गंभीरपणे पाहत. मला पहिल्या भेटीत म्हणाले, "तुम्ही दोनदा हललात. चांगली गाडी एकदाच हलते."

पिंपरीचा कारखाना तेव्हा नवा होता आणि आमची वसाहत त्याहून नवी. मोडक बॉयलरवर सुपरवायझर होते आणि माझ्या शेजारच्या खोल्यांत राहत. घरात ते आणि सुशीलाबाई, दोघंच. तिसरी ती गाडी. देहूरोडचा एक गोरा अधिकारी विलायतेला परतताना मागे टाकून गेलेली, बिनछपराची, दोघांपुरती, एके काळी शर्यतीत धावलेली. वसाहतीत तिला 'मोडकांची मोडकी' म्हणत. हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला, असं प्रत्येकाला वाटे.

पुण्याच्या हौशी मोटारवाल्यांचा एक क्लब वर्षातून एकदा मोशीच्या माळावर सामने भरवी. डांबराची रिकामी पिंपं मांडायची आणि त्यांच्यामधून एकेकानं वळणं घेत गाडी काढायची. पिंप न पाडता ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकला. खेळ एवढाच, पण त्याला मांडव असे, बँड असे आणि संस्थान गेलं तरी फेटा न गेलेले एक राजेसाहेब अध्यक्ष असत. त्यांच्यापुढे लाउडस्पीकर ठेवलेला असे. सगळ्या थाटात धोक्याची वस्तू तेवढी एकच होती.

शेजारी माणूस बसलेला हवा, असा नियम होता. म्हणून मोडक पहिल्या वर्षी सुशीलाबाईंना घेऊन उतरले. बाई लग्नातला शालू नेसून आल्या होत्या. मांडवासमोरच्या वळणावर गाडी इतकी कलली की बाई नवऱ्याच्या अंगावर पडल्या आणि पिंप आडवं झालं. लाउडस्पीकरवरून राजेसाहेब म्हणाले, "गाडी फारच नम्र आहे. सहकुटुंब लवून मुजरा करते."

मांडव हसला. दुसऱ्या दिवशी वसाहत हसली. पुढे कुणाच्या तरी हळदीकुंकवाला "या, मुजरेवाल्या बाई" असं स्वागत झालं, आणि त्यानंतर सुशीलाबाईंनी कुणाकडे जाणंच सोडलं. गाडीत बसणं तर सोडलंच.

मोडक तेव्हापासून "लवता कामा नये" असं म्हणू लागले. हे ते गाडीबद्दल म्हणत, साहेबापुढे वाकणाऱ्या हेडक्लार्कबद्दल म्हणत आणि अंगणातल्या पपईबद्दलही म्हणत. पुढच्या वर्षी त्याच मांडवासमोरून, सुशीलाबाईंना शेजारी बसवून गाडी ताठ न्यायची, हा त्यांचा निश्चय होता. बाईंनी त्याला होकार दिलेला नव्हता.

गाडी ज्या पोलादी पाट्यांच्या कमानींवर बसते, त्या पार थकल्या होत्या. चाकणला सोपाना नावाचा लोहार कांद्याच्या ट्रकांच्या कमानी दुरुस्त करी. मोडक मला सोबत घेऊन त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "कमान वाढवा." त्यांना म्हणायचं होतं, प्रत्येक कमानीत एक पाटा जास्त घाला. सोपानानं कमान वाढवली, म्हणजे पाटे तेवढेच ठेवून त्यांचा बाक वाढवला. आम्ही गाडी आणायला गेलो तेव्हा ती चवड्यांवर उभी होती.

"अहो, हे काय केलंत?"

"कमान वाढीवली न्हवं? तुमीच म्हनला."

"ही तर आता जास्तच लवेल."

"लवंल," सोपाना शांतपणे म्हणाला. "पर लांबनं दिसंल."

भट्टी पुन्हा पेटली आणि पाटे चढले. गचके धरून ठेवणाऱ्या तबकड्यांच्या मध्ये घालायला जाड कातडं हवं होतं. सुशीलाबाईंच्या कोल्हापुरी चपला त्याच सुमारास नाहीशा झाल्या.

गाडी ताठ झाली. वळणावर तसूभर कलेना. पण सरळ रस्त्यावर खडा आला तरी आतला माणूस उडू लागला. मोडकांनी मला थेरगावपर्यंत फिरवून आणलं. माझी जीभ चावली गेल्यामुळे त्यांना अपेक्षित असलेली स्तुती मला करता आली नाही. सुशीलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"लवत नाही ते गचके देतं," त्या म्हणाल्या. "गाडीचंही तसंच, नि तुमचंही."

मोडकांनी हातातला पाना पुसला आणि गाडीवर तळवा ठेवून दाबून पाहिलं.

सामन्याच्या आदल्या सकाळी ते गाडीखाली शिरलेले दिसले. आणखी एक पाटा चढवत असतील, असं मला वाटलं. ते चढवलेले पाटे काढत होते.

"अहो मोडक, पुन्हा लवेल की."

"लवेल," गाडीखालून आवाज आला. "उद्या ती शेजारी बसणार. तिची पाठ दुखते."

सामन्यात माझ्याकडे मांडवासमोरच्या पिंपाजवळ निशाण धरून उभं राहायचं काम होतं. एकेक गाडी धूळ उडवत गेली. शेवटी मोडकांची आली. शेजारी सुशीलाबाई होत्या, तोच शालू नेसलेल्या. मोडक प्रत्येक पिंपापाशी जवळजवळ थांबत, मग पाळणा हलवावा तशी गाडी वळवत. ती कलली नाही आणि तिनं गचकाही दिला नाही. बँडची एक चाल संपून दुसरी सुरू झाली. राजेसाहेब लाउडस्पीकरकडे झुकले आणि मागे टेकले. इतक्या सावकाशीवर काय बोलावं, हे त्यांना सुचलं नसावं.

गाडी माझ्यापाशी आली तेव्हा आतलं बोलणं सहज ऐकू येत होतं.

"अहो, जरा जोरात घ्या की. आपण शेवटचे येऊ."

"येऊ."

"लोक बघतायत."

"बघू देत. तू नीट बस."

बाई नीटच बसल्या होत्या. मांडव बाजूला आला तेव्हा त्यांनी मान वळवून तो एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतला. मग पुढे बघत त्या म्हणाल्या, "घरी जाताना लांबच्या वाटेनं, आळंदीवरून न्या."