बिनकुलपाचा सिनेमा

दूध विकायचं तर भांडं लागतं, तसं सिनेमा विकायचा तर कुलूप लागतं, ही गोष्ट त्या शहरात कोणी कोणाला शिकवत नसे. गिऱ्हाईक पैसे भरी, सिनेमा त्याच्या यंत्रात उतरे, आणि उतरल्यावरही विकणाऱ्याचाच राही. बघायला बसलं की सिनेमा आधी इंटरनेटवरून विकणाऱ्याच्या मुख्यालयाला विचारी, "साहेब, हे बसलेत. दाखवू का?" मुख्यालय हो म्हणालं तर पडदा उजळे. नाही म्हणालं तर गिऱ्हाईक आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून दाराबाहेर ताटकळे. याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार करायच्या पानालाही कुलूप होतं.

अशा त्या शहरात एका दिग्दर्शकाने बिनकुलपाचा सिनेमा विकायला काढला.

त्याला क्रांती वगैरे करायची नव्हती. त्याला मावशीला सिनेमा दाखवायचा होता. सिनेमाचं नाव 'दोघींची छत्री'. आई आणि मावशी लहानपणी एका छत्रीतून शाळेत जायच्या, एवढीच गोष्ट. म्हातारपणीचं काम आईने स्वतःच केलेलं. मावशी डोंगराच्या पोटातल्या एका खाणीच्या गावात अंथरुणाला खिळलेली. तिच्या घरात वारा यायचा, ऊन यायचं, शेजारची मांजर यायची. इंटरनेट तेवढं यायचं नाही. तिने निरोप धाडला होता, "ताई पडद्यावर कशी दिसते ते बघूनच मी जाणार. तोवर मरणाला बाहेर बाकावर बसवलंय."

येत्या रविवारी आईला घेऊन जायचं ठरलं. मग दिग्दर्शकाच्या मनात आलं, जगात मावशी काय आपल्यालाच आहे? त्याने वेबसाइट काढली आणि लिहिलं: "पैसे भरा, सिनेमा घ्या. तो तुमचा. पेनड्राइव्हवर घाला, आजोळी न्या, हवा तेव्हा बघा. कोणी काही विचारणार नाही."

या शेवटच्या वाक्यानेच घात केला.

पहिला फोन एका निवृत्त मुख्याध्यापकांचा आला.

"अहो, पैसे भरले आणि सिनेमा चक्क सुरू झाला!"

"वा! आवडला का, सर?"

"आवडण्याचं राहू द्या. सुरू कसा झाला? पासवर्ड मागितला नाही, रस्त्यावरचे सिग्नल ओळखायला लावले नाहीत, मी माणूस आहे की यंत्र याचीसुद्धा खात्री करून घेतली नाही. असल्या मालाचा भरवसा काय?"

"सर, मी तुमच्यावर भरवसा ठेवला."

"तेच म्हणतोय मी! ओळख ना पाळख. नक्की चोरीचा असणार. पैसे परत करा."

दुसरा म्हणाला, सिनेमा मध्येच बंद पडत नाही, म्हणजे नकली आहे. तिसरीच्या नवऱ्याने तो बघून झाल्याबरोबर यंत्र डेटॉलने पुसून काढलं. मित्रमंडळींनी मात्र तोंड भरून कौतुक केलं. "तुझ्या धाडसाला सलाम! कलेला कुलूप नकोच. आता फुकट पाठव." दिग्दर्शकाने वेबसाइटवर ठळक अक्षरांत टाकलं, "हा सिनेमा चोरीचा नाही." त्याबरोबर ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटली, आणि कोणा जागरूक नागरिकाने चलच्चित्र कुलूप व किल्ली नियंत्रण कार्यालयात वर्दी दिली.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. अधिकाऱ्यांच्या पाठीशी एक लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली फार पूर्वी हरवली होती, म्हणून शिपाई ते भिंतीपासून ओढायचा, मागचा पत्रा वाकवायचा आणि त्यातून फायली काढायचा. कपाटाचं कुलूप मात्र शाबूत होतं आणि दर वर्षी त्याला तेल घातलं जाई.

"कुलूप कुठंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"लावलंच नाही, साहेब."

"म्हणजे फोडलंत."

"लावलंच नाही, तर फोडणार काय?"

"हे बघा, लावलेलं कुलूप फोडलं तर मागे तुटकं कुलूप राहतं. आम्हाला पुरावा मिळतो, तुम्हाला शिक्षा मिळते, सगळं रीतसर होतं. तुम्ही पुरावासुद्धा शिल्लक ठेवला नाहीत. सराईत दिसताय."

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. अधिकारी तसे मनाने वाईट नव्हते. त्यांनी मार्ग सुचवला. बिनकुलपाचा सिनेमा विकायला बंदी नव्हतीच. फक्त कुलूपमुक्तीचा परवाना हवा. परवान्यासाठी, जे कुलूप काढायचं त्याचा क्रमांक हवा. तेव्हा आधी कुलूप लावा, मग ते काढायची परवानगी मागा. तोवर सिनेमाची मूळ प्रत, पेनड्राइव्ह आणि घरातली झाडून सगळी यंत्रं संशयित माल म्हणून ताब्यात.

"पण रविवारी मावशीला दाखवायचाय!"

"मावशीचं कुलूप कुठल्या कंपनीचं आहे?"

"मावशीला कुलूप नाही हो!"

"तिचीही चौकशी लावू," म्हणत अधिकाऱ्यांनी शिपायाला पत्रा वाकवायला सांगितलं.

दिग्दर्शक खालच्या मजल्यावर कुलूप लावायच्या खिडकीपाशी गेला. आतल्या बाईंनी नाव टाकलं आणि मान हलवली. "'दोघींची छत्री' ना? लागलंय की कुलूप."

"कोणी लावलं?"

"मालकांनी. कालच."

"मालक मी आहे!"

"किल्ली आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"मग कसले मालक?" बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "घर कोणाचं, तर ज्याच्याकडे किल्ली त्याचं. जरा विचार करा ना, दादा."

झालं होतं असं, की बाजारातल्या एका शेठने तो बिनकुलपाचा सिनेमा रोख पैसे देऊन घेतला होता. घेणाऱ्यांत पैसे परत न मागणारा तो एकटाच. त्याने त्याला दणकट कुलूप ठोकलं, किंमत तिप्पट केली आणि विकायला मांडला. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. मुख्याध्यापकांनी मुद्दाम फोन करून दिग्दर्शकाला कळवलं, "आता कसा अस्सल घेतला! तीनदा पासवर्ड मागितला, दोनदा अडकला, आणि शेवट तर दिसलाच नाही. याला म्हणतात दर्जा."

दिग्दर्शक शेठकडे गेला. शेठने चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला. "तुमचा सिनेमा फार गोड आहे. माझे डोळे भरून आले. घ्या ना एक, तुम्हाला सवलतीत देतो." आणि दिग्दर्शकाने आपलाच सिनेमा विकत घेतला: एका लॅपटॉपवर, त्याच्या एकट्याच्या चेहऱ्यापुरता, मुख्यालयाच्या मर्जीवर. लॅपटॉप शेजाऱ्यांचा.

रविवारी मायलेक मावशीच्या घरी पोचले. मावशी उशीला टेकून बसली होती, केसांना तेल लावून, नवं लुगडं नेसून. सुनेने खिडकीचा पडदा ओढला. लॅपटॉप उघडला. त्याने आईचा चेहरा पाहिला, मुख्यालयाला हाक मारली, डोंगराने ती हाक परत पाठवली. पडद्यावर अक्षरं आली: "आपण या सिनेमाशी संबंधित असल्याचं आढळत नाही."

"अगं बाई!" आई म्हणाली. "पोस्टरवर माझाच चेहरा, आणि मीच नाही?"

"ताई, चष्मा काढून बघ त्याच्याकडे," मावशी म्हणाली.

आईने चष्मा काढला, घातला, हसून बघितलं, डोळे वटारून बघितलं. दिग्दर्शक लॅपटॉप डोक्यावर धरून टेकडी चढला, उतरला. परत आला तेव्हा त्याचा चेहराही लॅपटॉप ओळखेना. मावशी पांघरुणाची किनार चाळवत होती. एवढी नटलेली म्हातारी हळूहळू विझत चालली होती.

"सोन्या, सरक बाजूला," आई म्हणाली आणि पदर खोचून पलंगासमोर उभी राहिली. "चिमे, इकडे बघ. सिनेमा सुरू होतोय."

आणि आईने सिनेमा केला. शाळा तीच झाली, चिखल तीच झाली, कडक गुरुजीही तीच झाली. कोपऱ्यातली काठी छत्री झाली. छत्री उघडून तिने गाणं धरलं:

"दोघींमध्ये एक छत्री, तिला एकच गं दांडा,
एकीची भिजे वेणी, एकीचा भिजे खांदा."

"खोटं!" मावशी ताडकन उठून बसली. कित्येक महिन्यांत ती आपली आपण उठली नव्हती. "वेणी माझी भिजायची, खांदाही माझाच भिजायचा! तू सगळी छत्री तुझ्याकडे ओढायचीस!"

"दांडा कोणी धरला होता? हात कोणाचा दुखायचा?"

"म्हणून काय माझं दप्तर भिजवायचं?"

दोघी भांडल्या, हसल्या, रडल्या, मग गळ्यात गळा घालून तेच गाणं पुन्हा म्हणाल्या. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. दिग्दर्शकाला वाटलं, आपण केला त्या सिनेमापेक्षा हा बरा झाला.

पण लॅपटॉप बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. चेहरे ओळखत नसला तरी त्याचे कान तिखट होते. परतीच्या वाटेवर इंटरनेट लागताच त्याने घडला प्रकार मुख्यालयाच्या कानी घातला: विनापरवाना प्रदर्शन, तेही शेवटासकट.

मुख्यालयाने कार्यालयाला कळवलं आणि अधिकारी जातीने मावशीच्या घरी आले. दिग्दर्शक आणि आईलाही तिथेच बोलावलं होतं.

"प्रत कुठंय?"

मावशीने बोट कपाळाला लावलं. "ही इथं. म्हणून दाखवू?" आणि होकाराची वाट न बघता तिने म्हणून दाखवलं.

अधिकाऱ्यांनी पंचनाम्यात लिहिलं, "माल सजीव असून हलवता येत नाही." मग दाराला सील ठोकलं, दोघी म्हाताऱ्यांना आत एकत्र स्थानबद्ध केलं आणि बाहेर पहारेकरी बसवला. शिक्षा ऐकून आई म्हणाली, "सोन्या, माझी औषधं आणि जाडी चादर तेवढी आणून दे. घाई नाही सुटायची."

संध्याकाळपर्यंत पहारेकरी गाणं गुणगुणू लागला. म्हणजे तोही प्रत झाला. त्याला पकडायला आलेले दोघं प्रती झाले. अधिकारी कार्यालयात परतले तेव्हा पंचनाम्याला बरोबर आलेल्या शिपायाने विचारलं, "साहेब, एकीचा भिजे काय?" "खांदा," अधिकारी म्हणाले आणि जीभ चावली.

तेव्हा परिपत्रक निघालं. माणसाच्या स्मरणात राहिलेला सिनेमा ही बिनकुलपाची प्रत समजण्यात येईल. प्रत्येक नागरिकाने पाहिलेला सिनेमा ठरल्या मुदतीत विसरावा. विसरल्याची घरोघर तपासणी होईल. दिग्दर्शकाला वाटलं, आता तरी शहर पेटून उठेल. डोक्यातलंही हिरावून घ्यायला निघाले, हे कोण सहन करील?

तपासनीस घरोघर गेले. "गेल्या आठवड्यात काय पाहिलंत?" लोकांनी छताकडे पाहिलं. "पाहिलं खरं काहीतरी. रोजच बघतो. मोबाइल हातात होता... छान होतं." मुख्याध्यापकांना तर शेठच्या सिनेमाचं नावही सांगता येईना. तपासनिसांना कुठेही बळजोरी करावी लागली नाही. मावशीचं घर, तिचे पहारेकरी आणि खुद्द कार्यालय सोडलं तर शहरभर एकाही डोक्यात एकही प्रत सापडली नाही. सरकारने खूश होऊन सगळ्यांना 'आदर्श प्रेक्षक' असं मानपत्र घरपोच पाठवलं.

तुमच्याही घरी आलं ते. आल्याचं आठवत नसेल, तर काळजी करू नका. त्याच गुणासाठी दिलंय.