पायाळू गाडी

शालिनीसिस्टर गाडीला कळा द्यायला लावतात. रिव्हर्स गिअर टाकला की खिडकीतून मान बाहेर काढून त्या इंजिनाला समजावतात, "घाई नको हं. श्वास घे. आता थोडा जोर... शाबास!" डहाणूत आमच्या गल्लीत नव्याने आलेल्याला वाटतं, मागच्या सीटवर कोणी अडलेलं आहे. दोनदा लोक मदतीला धावलेही.

सायवनच्या बाजूला तीस वर्षं बाळंतपणं करून सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांना 'तालुक्याची माउली' म्हणण्यात आलं आणि भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं. घड्याळ चालत नव्हतं. माउलीने त्याच आठवड्यात हाताने गिअर टाकायची एक जुनी गाडी घेतली. मी शेजारी, निवृत्त मास्तर, खिशात लायसन्स आणि दिवसभर रिकामा. एवढ्या पात्रतेवर मला बाजूच्या सीटवर बसवण्यात आलं.

गाडी पुढे न्यायला त्या महिन्याभरात शिकल्या. अडलं ते पॅरलल पार्किंगपाशी. रस्त्याच्या कडेला दोन गाड्या उभ्या. त्यांच्या मधल्या फटीत आपली गाडी मागे घेत घेत बसवायची. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने हात जोडले. "सिस्टर, हे कशाला? डहाणूत कुठेही उभी करा. वाडीत घाला."

"मला तलासरीला उभी करायचीय."

तलासरीला त्यांची मुलगी असते, पल्लवी. शाळेत शिकवते. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत, पण पल्लवीने कळवलं होतं, मी इथेच बरी. निदान भेटायला येते म्हटलं, तर उत्तर यायचं, "आई, आमच्या गल्लीत गाडी लावायला जागाच नसते गं." महिन्यात चारदा. मला त्यात गाडीपेक्षा दुसरंच काही जास्त ऐकू येत होतं. पल्लवी मावशीकडे वाढली. आई कायम सायवनला, ड्यूटीवर. सिस्टरनी मात्र ती तांत्रिक अडचण धरली आणि सोडवायला घेतली.

"एसटीने जा की," मी म्हणालो.

"आणि तिला आणू कशी? एसटीने? सातव्या महिन्यात? मास्तर, तुम्ही शिकवत काय होता?"

एका चिकूच्या वाडीत रिकाम्या क्रेटच्या दोन थप्प्या रचून सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी निदान झालं. "ही पायाळू केस आहे. पाय आधी, डोकं शेवटी. ओढाओढ केली की संपलं. आपोआप वळू द्यायचं." क्लच म्हणजे नाडी, सोडायची नाही, दाबायचीही नाही. मी "डावीकडे मारा" म्हणालो की हुकूम सुटे, "नातेवाइकांनी बाहेर थांबावं!" मी बाहेर थांबत असे. कुंपणापाशी एक रिक्षावाला रोज तमाशा बघायला यायचा आणि ओरडायचा, "बेन, हजी घणी जग्या छे!" म्हणजे अजून भरपूर जागा आहे. शेवटची क्रेट कोसळेपर्यंत त्याचं मत बदलायचं नाही. जमू लागलं तशी सिस्टर रोज फट वीतभर कमी करू लागल्या. तीन आठवडे.

मग एका रविवारी निघालो. मागच्या सीटवर एक उशी, तिला सीटबेल्ट. चारोटीला हायवे लागला, ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून आमचं स्वागत केलं आणि आम्ही तलासरीत, पल्लवीच्या गल्लीत पोचलो. जागा होती, एक टेम्पो आणि एक जीप यांच्या मधोमध. सिस्टर या वेळी एक शब्द बोलल्या नाहीत. गाडी एका दमात आत गेली. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी इंजिन बंद केलं आणि जागच्या हलल्या नाहीत.

"चला."

"तुम्ही जा आधी. झोपली असेल."

"सकाळचे अकरा वाजलेत."

"मग कामात असेल." लोकांच्या घरात न विचारता घुसून 'पाणी तापवा' म्हणून ओरडणारी ही बाई, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती. "मास्तर, नको म्हणाली तर?"

वर गॅलरीत पल्लवी उभी होती. कधीपासून, कोण जाणे. कठड्याला धरून सावकाश जिना उतरून ती खाली आली. आधी टेम्पोकडे बघितलं, मग जीपकडे.

"आई, ही तू घातलीस इथे?"

"हो."

"काकांनी नाही?"

"ते नुसते बसले होते."

हे खरंच होतं. मी उतरलो. पल्लवी माझ्या जागी बसली. मग तिने दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "चल, एक चक्कर मार."

तीन आठवडे खपून आत घातलेली गाडी सिस्टरनी मुकाट्याने बाहेर काढली.

रिकाम्या जागेत मी जाऊन उभा राहिलो. एक रिक्षा आली, मग दोन स्कूटर आल्या. तिघांनाही हाकललं. एक जण चिडून म्हणाला, "काका, रस्ता तुमचा आहे काय?"

"आमची गाडी येतेय," मी म्हणालो, आणि दीड तास हललो नाही.