अहिरेकाकांचं रीडिंग

अहिरेकाका कुणालाही भेटले की आधी नमस्कार करत नसत, आधी मनगट धरत. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन जिना चढत असा नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेले असा, त्यांची तीन बोटं तुमच्या अंगठ्याखाली बसायची, डाव्या हातावरचं घड्याळ डोळ्यांसमोर यायचं आणि अर्धं मिनिट कुणी तोंड उघडायचं नाही. मग आकडा यायचा. "शहात्तर. लोड बरोबर हे. बोला आता." खांद्यावर सिलिंडर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आलेल्या गॅसवाल्याला त्यांनी तसंच उभं ठेवून एकशे बारा सांगितलं होतं आणि वर थोडी विश्रांती घे म्हणून बजावलं होतं. सिलिंडर खांद्यावरच होता.

जेल रोडच्या आमच्या इमारतीत ते समोरच्या दारात राहायचे. गाव नांदगावकडचं, नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर, तीसेक वर्षं. दर तासाला काटे बघायचे, तक्त्यात आकडे भरायचे आणि पाळी संपली की पुढच्या माणसाला एकेक आकडा समजावून मगच घरी जायचं. निवृत्तीनंतर बॉयलर सुटला, रीडिंग सुटलं नाही. मला या प्रकाराचा मनापासून वैताग यायचा. पोस्टात कामावर पोचायला उशीर झालेला असायचा आणि हे नेमके जिन्यात. त्यात वैताग केला की ठोके वाढायचे आणि काका पुन्हा मोजायचे.

रविवारी गच्चीवरच्या टाकीजवळ ते मला शिकवणी द्यायचे. "अनिलराव, छातीत एक पंप नाय, दोन हेत. एकाला एक चिकटलेले. उजवा हलका. अंगातून आलेलं काळपट रक्त शेजारी फुप्फुसात ढकलायचं, एवढंच त्याचं काम. तिथं हवा लागली की ते लालभडक होतं आणि डाव्या पंपात येतं. डावा दांडगा, तो डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत फेकतो. दोघांनी सारखंच फेकलं पाहिजे. डावीकडची झडप अडली तर मागं तुंबतं. आणि मागं कोण हे? फुप्फुस." श्वास आपण ओढत नाही, असंही ते सांगत. छातीखालचा पडदा खाली सरकतो, आत जागा होते आणि हवा आपसूक शिरते. लोहाराच्या भात्यासारखं.

ही शिकवणी त्यांच्या बायकोच्या, कमलकाकूंच्या काळजीतून आलेली होती, हे मला उशिरा समजलं. काकूंना लहानपणी सांधेताप झालेला. त्यात हृदयाची डावीकडची एक झडप आक्रसली होती. त्या गोळ्यांवर होत्या. डॉक्टरांनी काकांना बजावून ठेवलं होतं, श्वासाचा वेग वाढायला लागला की एक दिवससुद्धा थांबू नका, घेऊन या.

पण अख्ख्या इमारतीत काकांना हात लावता येत नसे असं मनगट एकच, काकूंचं. "चारचौघांत हात धरता, लाज नाय वाटत?" म्हणून त्या झिडकारायच्या. घरात चारचौघे नसायचे तेव्हाही हेच उत्तर. म्हणून काका त्यांचा नुसता श्वास मोजत, तोही चोरून. माणसाला सांगितलं की तो हिशेबानं श्वास घ्यायला लागतो, असं त्यांचं शास्त्र. रोज सकाळी काकू भाजी निवडत बसल्या की हे समोर पेपर उघडत, एक मिनिट काकूंच्या पदराकडे बघत आणि आकडा वहीत लिहीत. ती वही त्यांनी मला दाखवली होती. अठरा, अठरा, एकोणीस, अठरा. एवढा खूश माणूस मी पाहिलेला नाही.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली दुपार. मी त्या दिवशी घरी होतो. काका पिठाच्या गिरणीत गेले होते. समोरून भांडं पडल्याचा आवाज आला म्हणून मी आणि माझी बायको सुनंदा धावलो. काकू ओट्याला धरून उभ्या होत्या, ओठ निळसर, तोंडाला शब्द फुटेना. श्वास इतका भरभर की बघणाऱ्यालाच दम लागावा. आम्ही जे कुणीही केलं असतं तेच केलं. त्यांना उचलून खाटेवर आडवं केलं. सुनंदा पंखा लावायला धावली. आणि मग त्यांच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज यायला लागला. त्यांनी माझा सदरा घट्ट पकडला. त्यांना उठायचं होतं, आणि मी मूर्ख त्यांना "पडून राहा" म्हणत दाबून धरत होतो.

काका दारात आले, पिठाचा डबा तिथंच टाकला. "बसवा तिला. पाय खाली सोडा."

मी कधी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी मला बाजूला सारलं, काकूंना उठवून बसवलं, मागे उशा लावल्या, पाय खाटेवरून खाली सोडले. आडवं केलं की पायांतलं रक्त वर धावतं आणि आधीच तुंबलेल्या फुप्फुसात आणखी भर पडते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

रिक्षात काकू मधे ताठ बसवलेल्या, एका बाजूला काका, एका बाजूला मी. द्वारका चौकात कांद्याचे ट्रॅक्टर आडवे, गाड्या जागच्या हलेनात. मी उतरून ट्रॅक्टरवाल्यांच्या हातापाया पडत होतो. मागून काकांचा आवाज येत होता, आता श्वास उघड उघड मोजणारा. चाळीस. बेचाळीस. पहिल्यांदाच काकूंनी मनगट त्यांच्या हाती दिलं होतं आणि काकांना नाडी मोजता येत नव्हती. ठोके वेडेवाकडे पडत होते. "लागत नाय, अनिलराव, लय बारीक हे," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आम्ही दवाखान्यात वेळेत पोचलो. ऑक्सिजन, इंजेक्शन, आणि संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग परतला. मुंबईला नेऊन मांडीतल्या शिरेतून फुगा आत घालायचा आणि झडप मोकळी करायची, असं डॉक्टर म्हणाले. धोका आहे, पण करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी काका बाकावर वही उघडून बसले होते. "आदल्या सकाळचं अठरा. त्या सकाळचंही अठरा. काटा बरोबर दाखवत होता, मग सुटलं कुठं?" तीस वर्षांत त्यांच्या पाळीत असं कधी झालं नव्हतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांना रडू येत नव्हतं, याचंच मला भय वाटलं. मी त्यांना बळेच चहा आणायला पाठवलं आणि आत गेलो.

काकूंनी मला जवळ बोलावलं. "अनिलभाऊ, ते पेपर धरून बसायचे ना, मला काय कळत नव्हतं? त्यांचा पेपर उघडला की मी दम आवरून सावकाश श्वास घ्यायची. मिनिटभर जमायचं. मग मोरीत जाऊन धापा टाकायची. दोन महिने झाले. अठरा आला की त्यांचा दिवस चांगला जायचा हो. त्यांना नका सांगू."

तेवढ्यात काका कप घेऊन आले. कप स्टुलावर ठेवून ते खिडकीशी गेले आणि बाहेर काहीतरी बघितल्यासारखं करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकूंच्या चादरीकडे बघायला लागले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि श्वास जसा येत होता तसा येऊ दिला.

काकांचे ओठ हलत होते. मिनिट झालं. चेहरा उतरला.

"सव्वीस," ते म्हणाले.

"हां, सव्वीस. लिहा, हे खरं हे," डोळे न उघडता काकू म्हणाल्या.

काकांनी वही काढली, उघडली, आणि मागच्या पानांवर त्यांचं बोट थबकलं.

"मग हे सगळे अठरा?"

"ते तुमच्यासाठी घेतले."

मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.