एका डिरेलरची तीन गिऱ्हाइकं

गुरुवारी सकाळी पायल सायकलवर बसून गेली आणि सायकल खांद्यावर घेऊन परत आली. रायपूरच्या समता कॉलनीतल्या घराच्या अंगणात वनमालाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. नात फाटकातून अशी आत येताना पाहून त्यांना आधी वाटलं, हाही सरावाचाच एखादा प्रकार असेल.

"आजी, डिरेलर टूट गया," पायल पायरीवर बसत म्हणाली. "और संडे को रेस है."

"काय तुटलं म्हणते?"

पायलने मागच्या चाकाजवळ लोंबणारा एक वाकडा तुकडा दाखवला. चढ आला की साखळी एका चक्रावरून उचलायची आणि दुसऱ्या चक्रावर नेऊन ठेवायची, हे त्याचं काम. तो नसला तर डोंगरात चालवायची महागडी सायकल आणि दूधवाल्याची सायकल यांत काही फरक उरत नाही. वनमालाबाईंच्या तरुणपणी सायकलला लागायचं काय, तर घंटी, सीटचं कव्हर आणि पंक्चरवर लावायचं ठिगळ. सगळं एकाच दुकानात, एकाच भावाने मिळायचं आणि वर दुकानदार हवा फुकट भरून द्यायचा.

रविवारची शर्यत नवा रायपूरच्या पलीकडे, टेकाडांच्या मातीच्या वाटांवर होती. पहिल्या तिघींची राष्ट्रीय शिबिरासाठी निवड होणार होती. पुढच्या वर्षी पायल वयाने मोठ्यांच्या गटात जाणार, म्हणजे या गटातली ही शेवटची शर्यत. तिने वर्षभर पहाटे उठून तेलीबांध्यापर्यंत पायडल मारले होते ते याच एका दिवसासाठी.

"नेट पे चौदह सौ का है," ती म्हणाली. "पर मंगलवार को आएगा."

खरं तर घरात काळजी पसरायला हवी होती. पसरला तो उत्साह. आजोबांनी, शालिग्रामजींनी, पेपर घडी करून ठेवला. शेखरने, म्हणजे पायलच्या वडिलांनी, डबा भरता भरता मान वर केली. वनमालाबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. कारण या घरात वस्तू विकत घेत नसत, तिचा भाव काढत.

भाव काढायची या घराची रीत होती. पहिल्या दुकानात काही घ्यायचं नाही. आपल्याला निकड आहे हे दुकानदाराला कळू द्यायचं नाही. घ्यायची वस्तू नेहमी दुसऱ्या कोणासाठी तरी असायची. आणि वस्तू घरात येईपर्यंत आपला भाव घरच्यांनाही सांगायचा नाही, कारण सगळ्यात कमी भावात आणील त्याचं नाव पुढे कितीतरी वर्षं निघत राही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत वनमालाबाईंनी नागपूरच्या इतवारीतून प्रेशर कुकर आणला होता, नवऱ्याने काढलेल्या भावापेक्षा अकरा रुपयांनी कमी. शालिग्रामजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले, केस पिकले, गुडघे गेले, पण त्या कुकरची शिट्टी अजून त्यांच्या कानात वाजत होती.

"तुमी कोणीच काळजी करू नका," ते उठत म्हणाले. "मी पाहून येतो."

"तुमी बसा घरी. तुमाले त्यातलं काय कळते?" वनमालाबाई म्हणाल्या.

"तुले कळते का?"

"भावातलं कळते."

दुपारपर्यंत तिघंही तीन दिशांना गेले.

वनमालाबाई कॉलनीतल्याच चौकात गेल्या. तिथल्या दुकानदाराने तुकड्याचा फोटो पाहिला, कुठे तरी फोन लावला आणि सांगितलं, "सत्रह सौ, मांजी. कल मंगा देंगे. बिल नहीं, गारंटी नहीं."

"मेरे को नहीं चाहिए. भिलाई में बहन का नाती है, उसके लिए पूछ रही थी," असं म्हणून त्या निघाल्या.

शालिग्रामजी स्कूटरवरून शंकर नगरला गेले. तिथे एकोणीसशे, पण पक्कं बिल आणि सहा महिन्यांची हमी. "हमारे साहब को चाहिए था," ते म्हणाले. कोणते साहेब, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण शेवटच्या साहेबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

शेखरचं ऑफिस नवा रायपूरला. वाटेत तेलीबांध्याला तो काचेच्या शोरूममध्ये शिरला. तिथे एसी होता, कॉफीचं यंत्र होतं आणि भिंतीवर सायकली देवांच्या तसबिरींसारख्या टांगल्या होत्या. भाव बावीसशे, बसवून देण्यासकट. "दोस्त के लिए देख रहा हूँ," शेखर म्हणाला आणि कॉफी पिऊन निघाला.

एकाच वस्तूचे तीन भाव का, हे तिघांनाही आपापल्या परीने समजलं होतं. कुठे बिलाचे पैसे, कुठे हमीचे, कुठे कॉफीचे. पण एक गोष्ट तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. तिन्ही दुकानांत ती वस्तू नव्हतीच. तिन्ही दुकानदारांनी गुढियारीतल्या एकाच गोदामात फोन लावला होता आणि त्या गोदामात डिरेलर उरला होता एक.

गोदामाच्या सेठनी वर्षभरात असे दोन विकले होते. त्या दिवशी एका तासात तीन ठिकाणांहून विचारणा झाली: भिलाईचा एक मुलगा, कोणी एक बडे साहेब आणि कोणाचा तरी दोस्त. रविवारी शर्यत आहे हे सेठच्या कानावर होतंच. त्यांनी तो डबा फळीवरून उचलून गल्ल्याजवळ ठेवला.

शुक्रवारी वनमालाबाई चौकात गेल्या तेव्हा भाव दोन हजार झाला होता.

"कल तो सत्रह सौ बोला था, भैया."

"हव मांजी, बोला था. पर माल एक ही है पूरे रायपुर में. शंकर नगर तरफ कोई अंकल हैं, पीछे ही पड़ गए हैं."

"इस उमर में अंकल को सायकल का क्या करना है?"

"अपने साहब के लिए ले रहे हैं बोले."

साहेबाच्या पुढे पुढे करणारा कोणी लाचार म्हातारा वनमालाबाईंच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "उनसे पचास ज्यादा दूँगी," त्या म्हणाल्या. "फोन करके बोल दो."

अर्ध्या तासाने शंकर नगरात शालिग्रामजींना कळलं की कोणी एक माताजी पन्नास वाढवून बसल्या आहेत.

"कोणची माताजी?" ते मराठीतच बोलले, इतके ते तापले होते. मग हिंदीवर आले. "सौ बढ़ाओ. औरत जात से हार जाऊँगा क्या?"

शोरूममध्ये शेखरला सांगितलं गेलं की किंमत रिवाइज झाली आहे. शेखर स्वतः दिवसभर लोकांना हेच सांगायच्या नोकरीत असल्यामुळे त्याला दुप्पट राग आला. त्याने दीडशे वाढवले.

संध्याकाळपर्यंत सेठच्या गोदामातला फोन थंड झाला नाही. सेठनी असा बाजार त्यांच्या वडिलांच्या काळात युरियाचा पाहिला होता. त्यांनी वेळ न घालवता नागपूरला आणखी बारा डिरेलर सांगून टाकले, रात्रीच्या बसने पाठवा म्हणून.

रात्री सगळे जेवायला बसले. भावाविषयी कोणी काही बोलायचं नव्हतं, पण माणुसकीविषयी बोलायला बंदी नव्हती.

"या रायपुरात लोक कसे झाले पाहा," वनमालाबाई म्हणाल्या. "एक म्हातारा आहे शंकर नगरकडचा. एका पोरीच्या वस्तूवर टपून बसला."

"म्हातारा तरी परवडला," शालिग्रामजी म्हणाले. "माझ्या मागं एक बाई लागली आहे. अन् आपल्याच कॉलनीतली."

"आपल्या कॉलनीतली? मग शेजारची सरोजिनी असन. तिच्या नातवानंही सायकल घेतली."

"दुकानदार म्हणे, बाईचा आवाज मोठा गोड आहे."

"मग सरोजिनी नाही," वनमालाबाई म्हणाल्या आणि विचारात पडल्या.

"बाबा, तुमचं ठीक आहे," शेखर म्हणाला. "माझ्याकडं तर दोघं आहेत. एक म्हातारा, एक म्हातारी. मले वाटते दोघं मिळालेले आहेत. भाव चढवाचा धंदा आहे त्यायचा."

"असन," शालिग्रामजी म्हणाले. "असे नवरा-बायको असते काही ठिकाणी."

पायलचा घास हातातच राहिला. तिने आजीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. बोलावं असं तिच्या मनात आलं. पण या तिघांना आता खरं सांगितलं तर ते उद्या एकत्र जातील, आणि एकत्र गेले तर सोमवारपर्यंत परत येणार नाहीत, हेही तिला कळत होतं. तिने पाणी प्यायलं आणि विचारलं, "आजी, ये लोग माल मंगाते कहाँ से हैं?"

"गुढियारीतून म्हणे. काहून?"

"ऐसे ही."

शनिवारी दुपारी वनमालाबाईंनी ठरवलं, आता दुकानदार मधे नकोच. त्या ई-रिक्षाने गुढियारीला गेल्या. गोदामाच्या दाराशी उतरतात तो समोर ओळखीची स्कूटर.

"तू इथं काहून?" शालिग्रामजींनी विचारलं.

"गहू पाहाले आली. तुमी?"

"मी पण गहूच."

दोघं शेजारी शेजारी उभे राहून डावीकडच्या गव्हाच्या दुकानाकडे पाहू लागले. कोणीच हलेना. एवढ्यात शेखरची गाडी येऊन थांबली. त्याने काच खाली केली, आईला पाहिलं, बापाला पाहिलं आणि काच पुन्हा वर केली. पण आता उशीर झाला होता.

सेठ बाहेर आले. "डिरेलर के लिए आए हैं ना?" त्यांनी थकल्या आवाजात विचारलं. "आप भिलाई वाली मांजी. आप साहब वाले अंकल. और गाड़ी में दोस्त वाले भैया. वो तो सुबह चला गया. एक बच्ची आई थी, शटर खुलते ही. बोली, अंकल, जो तीन लोग फोन करवा रहे हैं वो मेरे दादा, दादी और पापा हैं. सायकल एक है, मेरी है."

शालिग्रामजींनी स्कूटरच्या हँडलवर हात टेकला.

"मग तुमी किती घेतले तिच्याकडून?" वनमालाबाईंनी मराठीतच विचारलं.

"साढ़े चौदह सौ. जो असली भाव था वही. तीन ग्राहक का एक ही ग्राहक निकला, तो मैं बढ़ाऊँ किसके लिए? अब ये बारह पीस देखो मेरे." आत एक पेटी उघडी पडली होती, बसमधून आलेली.

परतीच्या वाटेवर शालिग्रामजींच्या स्कूटरवर मागे बसून वनमालाबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "आवाज गोड आहे म्हणे माझा."

"दुकानदाराचं काय आहे, काहीही बोलते."

घरी पायल अंगणात सायकल उलटी करून बसली होती. हात काळे झाले होते. नवा डिरेलर बसला होता आणि साखळी चक्रांवरून टकटक चढत उतरत होती.

"तू भाव केलाच नाही?" शालिग्रामजींनी विचारलं.

"नहीं आबा. सच बता दिया."

"खरं सांगितलं?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. सत्तर वर्षांत ही युक्ती त्यांना सुचली नव्हती, आणि सुचली असती तरी ती नियमात बसते की नाही याची त्यांना शंका होती.

रविवारी सगळं घर टेकाडाच्या पायथ्याशी उभं होतं. उन्हात लाल माती उडत होती. पहिल्या फेरीत पायल सातवी होती. दुसऱ्या फेरीत पाचवी. शेवटच्या चढावर पुढच्या दोन मुली सायकलवरून उतरून ढकलू लागल्या, आणि पायल खाली बघत, दात आवळून, साखळी एकेक चक्र वर चढवत त्यांच्या शेजारून निघून गेली. वनमालाबाईंनी कोणाचा तरी खांदा घट्ट धरला होता. नंतर कळलं, तो पंचांचा होता. पायल तिसरी आली. तिच्या पुढच्या चाकाने रेघ ओलांडली तेव्हा शेखर रडत होता आणि धूळ गेली डोळ्यात असं सगळ्यांना सांगत होता.

निवड झालेल्यांना प्रशिक्षकांनी जवळ बोलावलं. शिबिराला येताना प्रत्येकीने एक जादा डिरेलर बरोबर आणायचा, असं त्यांनी बजावलं.

वनमालाबाईंनी ते ऐकलं आणि त्या मागच्या मागे निघाल्या. मैदानाच्या कडेला, चहाच्या टपरीशेजारी, सेठ पेटी उघडून बसले होते. बारा पीस घेऊन दुसरं कुठे जाणार? सभोवती मुलांची, त्यांच्या आईबापांची गर्दी होती. घेत कोणीच नव्हतं, सगळे हातात घेऊन बघत होते.

"ग्यारह सौ दे दो मांजी," सेठनी त्यांना पाहताच हात जोडले. "खरीद का भाव है."

"मुझे नहीं चाहिए. पड़ोस की सरोजिनी के नाती को चाहिए था. नौ सौ."

"मांजी, मर जाऊँगा."

"साढ़े नौ सौ. आखरी."

सेठनी पेटीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि एक डबा उचलून त्यांच्यापुढे धरला. वनमालाबाईंचा हात पुढे गेला. प्रेशर कुकरच्या वेळी अंग जसं हलकं झालं होतं तसंच आत्ताही झालं.

तेवढ्यात गर्दीच्या पार मागून, लोकांच्या डोक्यांवरून एक आवाज आला. "हजार दूँगा, सेठजी. हमारे साहब के लिए. पैक कर दो."

सेठचा हात डब्यासकट मागे गेला. दोन दिवसांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर रक्त आलं.

वनमालाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. तो आवाज त्या सेहेचाळीस वर्षं ऐकत होत्या.

"ग्यारह सौ," त्या म्हणाल्या.