उलट्या गिअरची प्रदक्षिणा

राघवेंद्रगुरुजींनी तांबड्या गाडीच्या बॉनेटवर हलकेच पूजेचं तबक ठेवलं. तबक विचारात पडल्यासारखं क्षणभर थांबलं आणि मग हळदकुंकू, सुपारी, अक्षता असा सगळा संसार घेऊन घसरत खाली आलं. गुरुजींनी ते वरच्यावर झेललं आणि मुलाकडं पाहिलं.

"ही गाडी न्हाई चालायची."

"अप्पा, तो उतार मुद्दाम दिलाय. समोरची हवा अडत नाही, वरून सरकून जाते," यज्ञेश म्हणाला.

"हवा जाऊ दे की कुठंबी. तबक कुठं ठेवायचं ते सांग."

तबकाचा विचार भौतिकशास्त्रात कुठंच नव्हता. यज्ञेश धाराशिवच्या ज्युनिअर कॉलेजात तेच शिकवायचा आणि रोज तुळजापूरहून एसटीनं जा-ये करायचा. एसटीत उभ्यानं प्रवास करता करताच त्याला गाडीचं वेड लागलं. इंजिनाची ताकद, गाडीचं वजन, टायरची रुंदी यांवर त्याने परीक्षेसारखा अभ्यास केला आणि तो एका निष्कर्षाला आला. त्यांच्या ऐपतीत जी साधी नवी गाडी बसते, त्याच ऐपतीत थोडी वापरलेली, टर्बो इंजिनाची, बुटकी, रुंद टायरची, खेळाडूसारखी हॅचबॅक बसते. लोकांना सांगताना तो "परवडते" असं म्हणायचा. मनात मात्र त्याला "उडते" असं ऐकू यायचं.

अडचण एकच होती. गाडीचे निम्मे पैसे यज्ञेशचे होते, निम्मे अप्पांचे होते आणि मत मात्र सगळंच्या सगळं अप्पांचं होतं. कारण नवी गाडी घेतली की आसपासच्या जिल्ह्यांतली माणसं ती आधी तुळजापूरला आणतात, आणि पार्किंगच्या मैदानात त्यातल्या कितीतरी गाड्यांची पूजा राघवेंद्रगुरुजींच्या हातून होते. इतक्या गाड्यांना गंध लावलेला माणूस गाड्यांतला जाणकार असणारच, असं घरात मानलं जायचं. गुरुजींनी गाड्या फक्त बाहेरून पाहिल्या होत्या, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"त्यापेक्षा मामाने विकायला काढलेली पांढरी घे," गुरुजी म्हणाले. "बॉनेट कसं पाटासारखं आहे."

मामाच्या गाडीबद्दल सांगण्यासारखं एवढंच होतं, की ती पांढरी होती. यज्ञेशने मनात तास मोजले. जुन्या गाड्या विकणाऱ्या शंभूने तांबडी गाडी त्याला मैत्रीखातर फक्त रविवारपुरती दिली होती. सोमवारी सोलापूरचे कुणी डॉक्टर ती बघायला येणार होते, आणि असली गाडी बघायला येणारा माणूस ती घेऊनच जातो, हे यज्ञेश स्वतःवरून ओळखून होता.

"अप्पा, एकदा बसून तरी बघा."

गुरुजींनी उपरणं सावरलं. "बरं. आज तेरखेड्याला मल्लिनाथच्या पिकअपची पूजा आहे. मला न्हे आणि आण. सुखरूप न्हेलंस-आणलंस तर ही. न्हाईतर मामाची. मग परत विषय काढायचा न्हाई."

धाकटी बहीण जाई पूजेची पिशवी घेऊन मागच्या सीटवर शिरली. शिरली म्हणजे तिने स्वतःची घडी घातली. "दादा, पाय कुठं ठेवू? का इथंच काढून ठेवून येऊ?"

गुरुजी पुढच्या सीटवर बसायला वाकले. नेहमीच्या उंचीवर सीट लागेल अशी त्यांची कल्पना होती. ती लागली नाही. ते खाली गेले, आणखी खाली गेले आणि शेवटी 'हुप्' असा आवाज होऊन टेकले. सीटच्या दोन्ही कडांनी त्यांना कुशीतून घट्ट धरलं.

"यज्ञेशा, सीट कुठाय?"

"बसलात की तिच्यावर."

"मी रस्त्यावर बसलोय असं वाटायलंय."

धाराशिव मागं पडलं, येडशीही गेली आणि चौपदरी रस्ता मोकळा झाला. पुढं उसाची एक ट्रॉली रस्ता अडवून डुलत चालली होती. यज्ञेशने बाजू बघितली, इंडिकेटर दिला आणि पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग टर्बोने दीर्घ श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि कुणीतरी पाठीला हात लावून अलगद पुढं लोटावं तशी गाडी निघाली. ट्रॉली बाजूला दिसली ती लगेच आरशात गेली. वेग मर्यादेतच होता, पण तिथवर पोचण्याची ती तऱ्हा! त्वरणाचं हे समीकरण यज्ञेशने फळ्यावर अनेकदा सोडवलं होतं, पण आज पहिल्यांदाच समीकरणाने त्याला उचलून नेलं होतं.

अप्पांचे ओठ हलत होते. बहुधा देवीचं स्तोत्र चाललं होतं. ते संपल्यावर अप्पा समोर बघत म्हणाले, "मघा जे झालं, ते परत होतं का?"

"होतं की."

"न्हाई, सहज विचारलं."

आणखी थोडा रस्ता गेला.

"मग कर की!"

मागून जाई म्हणाली, "अप्पा, नारळ माझ्या मांडीवर हायेत हो!" पण तिचं कुणी ऐकलं नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेरखेडं आलं. तेरखेडं म्हणजे फटाक्यांचं गाव. आणि गाडीच्या आधीच्या मालकाने हौसेखातर सायलेन्सर बदलून घेतला होता. ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की उरलेलं पेट्रोल मागच्या नळीत जळायचं आणि आवाज निघायचा. मूळचा सायलेन्सर परत बसवून देतो, असं शंभूने कबूल केलं होतं. पण ते नंतरचं. फटाक्यांच्या शेडजवळ गतिरोधक दिसला आणि यज्ञेशने पाय उचलला.

फट्! फटाक्! फट्!

पुढच्या क्षणी शेडमधली सगळी माणसं हातातलं काम जागच्या जागी टाकून बाहेर. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. कारण नसताना आवाज झाला की आधी बाहेर, विचारपूस नंतर, हा तिथला नियम. सगळी मोकळ्या रानात जाऊन उभी राहिली आणि एकमेकांना मोजू लागली. आपल्यातलं कुणी कमी नाही हे कळल्यावर सगळ्यांनी एकदम तांबड्या गाडीकडं पाहिलं.

मल्लिनाथ धापा टाकत आला. तो या शेडचा मालक, आणि नवी पिकअप त्याचीच. "कुणाचा रं माल फुटला ह्यो?"

"माल न्हाई, गाडी आहे," यज्ञेश खिडकीतून ओशाळून म्हणाला.

"गाडीतनं निघाला आवाज? वात न लावता?" मल्लिनाथने गाडीला एक फेरी मारली, मागं वाकून नळीत बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "आयला! आमी जन्म घातला ह्या धंद्यात, आन् ह्यो गडी नुसता पाय उचलून आवाज काढतो!"

माफी मागून झाली, हसणं झालं, माणसं कामाला परतली. गाडी मल्लिनाथच्या अंगणात आली. झेंडूच्या माळा घातलेली पांढरीशुभ्र पिकअप मधोमध उभी होती. मल्लिनाथची आई हरणाबाई आरतीचं ताट घेऊन दारात आली.

"या गुरुजी, उतरा. मुहूर्त बाराच्या आत हाय."

गुरुजींनी एक पाय बाहेर काढला. दुसरा काढला. मग दोन्ही पाय बाहेर आणि बाकीचे गुरुजी आत, अशा अवस्थेत ते थांबले.

"यज्ञेशा, उठता येईना."

"अप्पा, सीट मागं कललेली आहे ना, त्यामुळं गुरुत्वमध्य पायांच्या मागं राहतो. तो आधी पुढं आणला पाहिजे, म्हणजे..."

"दादा, तास घेऊ नको, हात दे," जाई म्हणाली.

यज्ञेशने एक हात धरला, मल्लिनाथने दुसरा. "हां, घ्या जोर!" गुरुजी वीतभर वर आले आणि "आई आई आई!" करत परत जागेवर गेले. कमरेत चमक भरली होती. वर्षानुवर्षं वाकून चाकांना गंध लावलेली ती कंबर; तिने नेमका आजचा मुहूर्त धरला होता. पाय कसेबसे उचलून आत घेतले, तेव्हा कुठं त्यांचा चेहरा निवळला.

"असं बसलं की दुखत न्हाई," ते नवलाने म्हणाले. "अजिबात न्हाई. हललं की मरण."

यज्ञेश मनातून खचला. त्याच्या डोळ्यांसमोर मामाची पांढरी गाडी आली. सुखरूप नेणं आत्ताच फसलं होतं, आणणं तर अजून बाकीच होतं.

हरणाबाईने पदर खोचला. "आता वो? बाराला तर काय उरलंच न्हाय. मुहूर्त टळला तर ह्या गाडीत म्या पाय ठिवायची न्हाय, आन् मल्ल्यालाबी ठिवू द्यायची न्हाय."

"आई, डॉक्टरला बोलवू का दम धरू?"

"आदी पूजा, मग डॉक्टर. गुरुजी गाडीकडं जात न्हायत, तर गाडी आणा की गुरुजीकडं!"

पण पिकअपच्या चाकांखाली लिंबं मांडून झाली होती आणि मंत्राआधी ती चिरडून चालणार नव्हती. म्हणजे पिकअप हलणार नाही आणि गुरुजीही हलणार नाहीत. हलू शकणारी वस्तू अंगणात एकच होती. यज्ञेशच्या डोक्यात आकृती तयार झाली.

"अप्पा, मी ही गाडी पिकअपला घासून भोवती फिरवतो. तुम्ही खिडकीतून पूजा करा."

गुरुजींनी मान डोलावली आणि लगेच थांबवली. "थांब. मी डाव्या अंगाला बसलोय. पिकअप माझ्या डाव्या हाताला ठेवून पुढं गेलास तर प्रदक्षिणा उलटी होईल. ते अशुभ."

हरणाबाईने ताट दुसऱ्या हातात घेतलं. यज्ञेशने हवेत बोटाने एक वर्तुळ काढलं, मग तेच उलट्या बाजूने काढलं. त्याचे डोळे चमकले.

"रिव्हर्स घेतो!"

"म्हंजे?" मल्लिनाथने विचारलं.

"वर्तुळ तेच, खिडकी तीच. फक्त गाडी मागं मागं न्यायची. म्हणजे फेरी सुलटी पडते, घड्याळाच्या काट्यासारखी."

जाई पुटपुटली, "पण अप्पांचं तोंड तर उलट्या दिशेला राहील."

गुरुजींनी थोडा विचार केला. "घड्याळाच्या काट्याचं तोंड कुठं असतं, कुणी बघितलंय? घे रिव्हर्स."

गाडी पिकअपला लागली आणि मागं सरकू लागली. मागचा सेन्सर 'पीं... पीं...' करत सुराला लागला. पहिलं चाक खिडकीशी आलं. गुरुजींनी हात बाहेर काढला आणि थबकले. चाक बरोबर हाताखाली होतं. वाकणं नाही, गुडघे टेकणं नाही, 'अगं आई' नाही. त्यांनी गंध लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या, सगळं पाठ टेकून. दुसरं चाक आलं, तेही तसंच. ते मंत्र म्हणत होते, पण मध्येच त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला जो कुठल्याच पोथीत नव्हता. "वा!"

गच्चीवर, कुंपणावर, मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. माळा घातलेल्या पिकअपभोवती तांबडी झाक गाडी मुंगीच्या पावलांनी मागं मागं फिरते आहे, आतून मंत्र येताहेत आणि सेन्सर त्यांना साथ देतो आहे, असं काही तेरखेड्याने पाहिलं नव्हतं. हरणाबाईचे हात आपोआप जोडले गेले. फेरी पुरी झाली, जाईने नारळ फोडला, आणि यज्ञेशने सुटकेच्या भरात ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबून सोडला.

फट्! फटाक्! फट्!

या वेळी कुणी पळालं नाही. अंगणात टाळ्या पडल्या.

"लई भारी!" मल्लिनाथ गहिवरून म्हणाला. "गुरुजी, अशी पूजा सोलापूर-लातूरला बी झाली नसंल!"

पिकअप लिंबं चिरडत पुढं सरकली, तेव्हा बारा वाजायचे होते. गावच्या डॉक्टरांनी गुरुजींना बसल्या जागी इंजेक्शन दिलं. घरी पोचेपर्यंत कंबर बरीच मोकळी झाली होती, तरीही शेजारच्या दोघांनी मागून सतरंजी घालून गुरुजींना वर उचललं. उभं राहताच त्यांनी गाडीच्या छतावर तळहात ठेवला. देवीच्या पायरीवर ठेवतात तसा.

"शंभूला फोन लाव," ते म्हणाले. "सोलापूरच्या डॉक्टरला म्हणावं, मामाची पांढरी बघून जा."

यज्ञेशला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

मग दसरा आला. तेरखेड्याच्या त्या फेरीचा व्हिडिओ कुणी काढला होता, देव जाणे, पण परंड्यापासून नळदुर्गापर्यंत जो कुणी नवी गाडी घेऊन यायचा, तो तुळजापुरात उतरल्या उतरल्या विचारायचा, "ती तांबड्या गाडीतली पूजा कुठं करतात?" साधी पूजा कुणालाच नको होती. सुट्टीच्या दिवशी स्टिअरिंगवर यज्ञेश बसायचा. पण मुहूर्त काही कॉलेजचं वेळापत्रक पाहून निघत नाहीत, म्हणून जाई ड्रायव्हिंग शिकली. पुढं जाताना ती अजून अडखळायची, रिव्हर्स मात्र तिच्यासारखा जिल्ह्यात कुणी घेत नव्हता. आणि गुरुजींची कंबर? ती गेल्या कित्येक वर्षांत एवढी सुखात नव्हती.

एका सकाळी यज्ञेश नेहमीप्रमाणे धाराशिवच्या एसटीत दांडी धरून उभा होता. बस पार्किंगच्या मैदानाशी गर्दीत अडकली. खिडकीतून त्याला दिसलं, की हार घातलेल्या एका भल्याथोरल्या गाडीभोवती त्याची तांबडी गाडी मागं मागं फिरते आहे. जाई आरशात बघते आहे आणि अप्पा पाठ टेकून, चक्रवर्ती राजासारखे, चाकाला गंध लावताहेत. पीं... पीं... पीं...

शेजारच्या सीटवरचे पागोटेवाले आजोबा खिडकीतून बाहेर वाकून ते बघत होते. त्यांनी हात जोडले.

"काय गाडी हाय!" ते म्हणाले आणि मग यज्ञेशकडं वळले. "पर का वो साहेब, पुढंबी जाती का ती?"

यज्ञेशच्या डोळ्यांसमोर येडशीच्या पुढचा मोकळा रस्ता आला, आणि मागं पडलेली उसाची ट्रॉली.

"जाते," तो हळूच म्हणाला. "मी पाहिलंय एकदा."