हाकाऱ्याला मानवंदना

एका जंगलात, म्हणजे असल्या सगळ्या गोष्टी ज्या जंगलात घडतात त्याच जंगलात, एक तळं होतं. तळ्याच्या अलीकडे हरणांचा कळप राहायचा. पलीकडच्या उंच गवतात बिबट्या राहायचा. आणि मधल्या उघड्या खडकाळ जमिनीवर टिटवीआजी राहायची.

टिटवी गाते हे तुम्हाला पटणार नाही, मुलांनो. तुम्ही म्हणाल, ती तर किंचाळते. बरं, किंचाळते. पण तिच्या घराण्यात त्याला हाकारा म्हणत. आजीला तो तिच्या आईने शिकवला होता आणि आईला तिच्या आईने. शब्द अगदी साधे. 'बिबट्या आला, पळा! बिबट्या आला, पळा!' ना अंतरा, ना ताना, ना हरकती. बिबट्या गवतातून बाहेर निघाला की आजी आभाळात उठायची आणि हाकारा लावायची. पहिला 'पळा' संपायच्या आत तळ्याचा काठ मोकळा व्हायचा.

त्यामुळे आजीला जन्मात कुणी 'वाहवा' म्हटलं नव्हतं. म्हणणार कोण? गाणं संपेपर्यंत ऐकणारा जागेवर असला तर म्हणणार ना! आजीला त्याचं काही वाटायचं नाही. रात्री हरणांची सगळी लेकरं जागच्या जागी दिसली की ती पंखात चोच खुपसून झोपायची.

आता त्याच जंगलात राघूकुमार नावाचा एक पोपट होता. मोठा स्टार! अल्बमवर अल्बम काढायचा. ए, हसू नकोस. जंगलात अल्बम कसा निघतो म्हणे! पोपट बोललेला चालतो तुम्हाला, मग अल्बम काढलेला का चालू नये? तर त्याचं 'पेरू पेरू, लव्ह यू पेरू' हे गाणं माकडांच्या प्रत्येक लग्नात वाजायचं. पण त्याचा मागचा अल्बम सपशेल आपटला. माकडांनीसुद्धा तो वाजवला नाही, आणि माकडं काय वाटेल ते वाजवतात.

राघूकुमार घाबरून बगळे सरांकडे गेला. बगळे सर म्हणजे जंगलातले नामवंत संगीत समीक्षक. ते तळ्यात एका पायावर उभे राहत आणि डोळे अर्धवट मिटत. सगळ्यांना वाटायचं, सर केवढा विचार करतायत. सर मासा बघत असायचे.

"जुनं काढ," बगळे सर म्हणाले. "जुन्याला वाईट म्हणायची कुणाची छाती होत नाही. अल्बमचं नाव ठेव 'मुळांकडे'."

"पण सर, मला जुन्यातलं काही येत नाही."

"तुला नव्यातलं तरी कुठे येत होतं? आपण मानवंदना द्यायची. मानवंदना द्यायला काही यावं लागत नाही. मान वाकवता आली म्हणजे झालं."

झालं, राघूकुमार मुळांकडे निघाला. मुळं त्याने कधी पाहिली नव्हती, कारण तो शेंड्यावर राहायचा. त्याने तांबट पक्ष्याची टुकटुक घेतली आणि तिच्याखाली ढोल घातला. बेडकांचं समूहगान घेतलं आणि त्यातून बेडूक तेवढे काढून टाकले. रानकोंबड्याची भूपाळी घेतली, ती संध्याकाळच्या पार्टीत नाचण्याजोगी केली. आणि मग तो टिटवीआजीकडे आला.

"आजी, पाया पडतो," तो फांदीवरूनच म्हणाला. खाली उतरला नाही. पायाला माती लागते ना!

"कोण रे तू?"

"मी राघूकुमार. आजी, तुमचा आवाज काय रॉ आहे!"

"म्हणजे कसा?"

"म्हणजे कच्चा. चांगल्या अर्थाने हं."

"मेल्या, पिकून गळायला आले मी, आणि आवाज कच्चा?"

राघूकुमार गोड हसला. "तुमच्या हाकाऱ्याला मला मानवंदना द्यायचीय. त्याचा अर्थ काय हो?"

"अर्थ कसला आलाय? बिबट्या आला, पळा."

राघूकुमारने डोळे मिटले. "किती खोल आहे हे! बिबट्या म्हणजे काळ, नाही का?"

"बिबट्या म्हणजे बिबट्या. त्याला ठिपके असतात आणि तो खातो."

"वा!" राघूकुमार म्हणाला.

आजीने त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग ती म्हणाली, "गा बाबा, गायचं तर. गाणं काही माझ्या बापाने विकत घेतलेलं नाही. पण एवढं ऐक. बिबट्या नसताना हे गायचं नाही. आणि तळ्याकाठी तर मुळीच नाही. तिथे लेकरं पाणी पितात."

"आजी, तुमच्या भावना पोहोचल्या," राघूकुमार म्हणाला आणि उडून गेला.

अल्बम निघाला. 'पळा' हा शब्द ठेक्यात बसेना, म्हणून राघूकुमारने तो काढला आणि तिथे 'ये ना' घातलं. 'बिबट्या आला, ये ना, ये ना.' सूर आजीचाच, पण मऊ केलेला, तुपात घोळवलेला. आणि अल्बम वाजवला कुठे? तळ्याकाठी. तिथे गर्दी असते.

पहिल्या दिवशी ते सूर कानावर पडले आणि अख्खा कळप जीव घेऊन पळाला. मागे वळून पाहतात तर काय, बिबट्याचा पत्ता नाही. झाडावर राघूकुमार, आणि बगळे सर त्यांच्याकडे कीव आल्यासारखे बघतायत. हरणं ओशाळली. सगळ्यांत जास्त ओशाळले शिंगाडे अण्णा. हे कळपाचे म्होरके. शिंगं मोठी होती, म्हणून म्होरके.

अण्णांनी त्याच दिवशी कळपाला रीत घालून दिली. "चांगलं गाणं ऐकायची एक पद्धत असते. पाय दुमडून बसायचं, डोळे मिटायचे, मान डोलवायची. आणि काहीही झालं तरी मैफलीतून मध्येच उठायचं नाही. मध्येच उठणं हा गाणाऱ्याचा अपमान आहे. आपण काय रानडुकरं आहोत?"

रानडुकरं आहोत असं कुणालाच म्हणवून घ्यायचं नव्हतं. कळप बसायला शिकला. बगळे सरांनी लिहिलं, 'राघूकुमारने हाकाऱ्याला भीतीच्या बेडीतून सोडवलं.' ते वाचून हरणांना आपणच सुटल्यासारखं वाटलं.

त्या कळपात ठिपकी नावाची एक हरिणी होती. तिला नुकतंच पाडस झालं होतं. चालताना त्याचे पाय पायात अडकायचे, मग ते धपकन पडायचं आणि जणू आपण मुद्दामच बसलो असं तोंड करायचं. ठिपकीचा जीव त्या पाडसात होता.

ठिपकी एकदा घाबरत घाबरत म्हणाली, "अण्णा, हे गाणं लागलं की माझे पाय आपोआप उठतात हो."

"कान तयार नाहीत तुझे," अण्णा म्हणाले. "सवय कर."

बिचारीने सवय केली. पाडसाला कुशीत घेऊन ती रोज बसायची, आणि पाय थरथरले की दात आवळून दाबून धरायची.

तिकडे गवतात बिबट्याही अल्बम ऐकत होता. त्यालाही आयुष्यात प्रथमच संगीताची गोडी लागली. का लागणार नाही? आजवर त्याचं नाव निघालं की सगळे पळायचे. आता नाव घेऊन 'ये ना' म्हणत होते!

एका दुपारी तो गवतातून बाहेर आला. टिटवीआजी उठली आणि तिने खराखुरा हाकारा लावला. कळपाने डोळे मिटले. एक तरुण हरीण शेजारणीच्या कानात म्हणालं, "आजींचा सूर चढा लागतो, नाही? राघूकुमारचं कसं ऐकत राहावंसं वाटतं." त्या दिवशी बिबट्याच बिचकला. एवढा कळप समोर बसलेला आणि एकही हलत नाही! त्याला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. तो माघारी फिरला.

अण्णांनी डोळे उघडले. "बघा, आला का बिबट्या? उगाच पळालो असतो आणि शोभा झाली असती."

आजी तडक राघूकुमारच्या झाडाखाली गेली. "बंद कर तुझं ते गाणं! आजच्या आज बंद कर!"

"आजी, असं काय करता? अहो, मी तुम्हाला अमर केलंय."

"मला नको रे अमर करूस, मुडद्या! त्या ठिपकीच्या लेकराला मोठं होऊ दे, तेवढं पुरे!"

राघूकुमारला गहिवरून आलं. त्याला काय कळलं कुणास ठाऊक. तो म्हणाला, "आजी, येत्या पौर्णिमेला तळ्याकाठी तुमचा सत्कार ठेवलाय. नाही म्हणायचं नाही. तुम्हाला जे काही सांगायचंय ते तिथे सगळ्यांसमोर सांगा."

आजीने विचार केला. सगळे एकत्र बसणार, तेव्हा सांगितलं तर ऐकतील. भोळी होती म्हातारी. सत्कारात सत्कारमूर्तीचं कुणी ऐकत नाही, हे तिला कोण सांगणार?

सत्कार ऊन कलताना सुरू झाला. एका वारुळावर आजीला बसवलं. कमळाच्या पानाची शाल घातली, नारळाऐवजी कवठ दिलं. बगळे सरांनी भाषण केलं. ते आजीच्या घराण्याविषयी फार सुंदर बोलले, फक्त आजी अजून जिवंत आहे हे मध्ये मध्ये विसरले. पुढे अण्णा, मागे कळप. ठिपकीचं पाडस चुळबुळ करत होतं म्हणून तिला सगळ्यांच्या मागे, गवताच्या कडेला बसायला सांगितलं होतं.

"आजी, आता दोन शब्द बोला," राघूकुमार म्हणाला.

आजी उठली. तिने कळपाकडे पाहिलं, मग ठिपकीकडे पाहिलं. आणि ठिपकीच्या मागचं गवत हललं.

"बिबट्या आला, पळा!" आजीने हाकारा लावला.

अख्ख्या कळपाने डोळे मिटले. "वाहवा!" "क्या बात है!" "वन्स मोर!"

"अरे, गाणं नाही हे! खरंच आलाय! पळा रे, पळा!"

"काय तळमळ आहे आवाजात!" बगळे सर पुटपुटले.

ठिपकीचं पाडस उठून उभं राहिलं. त्याला रीत ठाऊक नव्हती, त्याला फक्त आजीचा आवाज ऐकू आला होता. ठिपकीही उठली. तिचे खूर वाजले तशा मिटल्या डोळ्यांनीच सगळ्या माना वळल्या. अण्णा दबक्या आवाजात ओरडले, "बस खाली! म्हातारीच्या सत्काराला पाठ दाखवतेस? लाज नाही वाटत?"

तिला लाज वाटली. ती बसली. आणि पाडस अजून उभंच होतं, म्हणून तिने हनुवटीने त्याला हळूच खाली दाबलं.

मला इथे राग येतो, मुलांनो. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली तरी येतो. अण्णांचा येतो, त्या बगळ्याचा येतो, आणि खरं सांगू, ठिपकीचाही येतो. अगं बाई, लोक काय म्हणतील ते उद्या ऐकलं असतंस!

बिबट्या चालत आला. धावायचं त्याला काही कारणच नव्हतं. आजीने वारुळावरून झेप घेतली, त्याच्या डोळ्यांवर पंख मारले, डोक्यावर चोची मारल्या. त्याने माशी झटकावी तशी मान झटकली. मग पाडस तोंडात धरून तो गवतात निघून गेला.

तेव्हा ठिपकीने टाहो फोडला. त्यात शब्द नव्हते आणि सूर नव्हता. तळ्यावरची पाखरं उडाली, कळपाचे डोळे उघडले.

पहिला बोलला राघूकुमार. हळूच, शेजारच्या पोपटाला. "रेकॉर्ड झालं का रे?"

शिंगाडे अण्णा मागे आले. त्यांनी ठिपकीच्या पाठीवर मान टेकवली आणि ते म्हणाले, "ठिपके, धन्य आहेस. एवढं झालं, पण मैफल मोडू दिली नाहीस."

'मुळांकडे, भाग दोन' पुढच्याच पौर्णिमेला निघाला. त्यात ठिपकीचा टाहो आहे, खाली ढोल आहे. तो सगळ्यांत जास्त चालला. तळ्याकाठी रोज वाजतो. कळप पाय दुमडून, डोळे मिटून ऐकतो, आणि अण्णांना त्या जागेवर दर वेळी हमखास रडू येतं. बगळे सर म्हणतात, अशी वेदना आजकाल ऐकायला मिळत नाही. बिबट्या एकही कार्यक्रम चुकवत नाही. कळपात आता बसायला जागा ऐसपैस झाली आहे.

ठिपकी तिथे बसत नाही. टिटवीआजीचा आवाज आला, खरा की खोटा, मऊ की कर्कश, काही न बघता ती उठते आणि पळत सुटते. यंदा तिच्यामागे एक नवं पाडस पळत असतं. कळप तिला हसतो. अण्णा बारीक आवाजात म्हणतात, "सोडा हो, तिला गाण्यातलं काही कळत नाही."

तात्पर्य: मुलांनो, मैफलीतून मध्येच कधी उठू नये. जो उठतो त्याला गाण्यातलं काही कळत नाही असं चारचौघांत म्हणतात, आणि हे बोलणं त्या अभाग्याला म्हातारा होईपर्यंत ऐकावं लागतं.