आत्याचा गंज आणि गॅसची शेगडी

माझी आत्या गॅसवर गंज, म्हणजे पातेलं, ठेवण्याआधी त्याच्या बुडाला ओली माती फासते. चुलीवर आमच्या फुलसावंगीत सगळेच तसं करायचे. काजळी मातीवर बसते, भांडं घासायला सोपं जातं. पण घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली.

"आत्या, गॅसवर भांडं काळं होत नाही."

"म्हणून काय नागडंच ठेवू विस्तवावर?"

माती वाळते, तडकते, बर्नरच्या भोकांत पडते. मग ज्योत पिवळी होते आणि गंज खरंच काळा पडतो. "पाह्यलं? मी म्हणत होती ना!" मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी, टाचणीनं बर्नरची भोकं मोकळी करत बसते.

कान ढिला झालेली कढई तिच्या लेखी 'लंगडी'. ती गॅसवर चढत नाही. लहान बर्नरवर मी मोठा गंज ठेवला की म्हणते, "त्याची बसाची जागा तं पाह्य आधी!" आणि जेवायला ती सगळ्यांच्या शेवटी बसते. तेही आम्ही तिच्या लहरींतच धरलं होतं.

परवा मातीनं बर्नर तुंबला. आत्यानं पुन्हा काडी ओढली, तोवर गॅस साचला होता. भपकन जाळ आला, पदराची कड जळाली. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते घाबरून ओरडले, "बाई, आता गॅसले हात लावाचा नाही!" मीही मान डोलावली.

दुपारी ती मागच्या ओट्यावर गंजाची माती खरवडत बसली होती.

"एवढा हट्ट कायले करतं, आत्या?"

तिनं गंजावर कोरलेल्या आईच्या नावावरून अंगठा फिरवला. "हे तुह्या मायचे गंज. तिनं मायेरून आणलेले. माहे असते तं पडू देले असते काळे." मग हळूच म्हणाली, "आता सैपाकबी नाही. मंग मी इथं कायले राहू?"

नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर ती आमच्याकडे आली, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. इतकी वर्षं ती पाहुणीसारखी जपून राहत होती, आणि आम्ही हसत होतो.

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला बर्नर साफ करायला लावला, तो गंज धुऊन शेगडीवर ठेवला आणि म्हणाली, "बाई, चहा मांडा. होऊ द्या काळा."

आत्यानं गॅस पेटवला. चहा उकळेपर्यंत ती पुन्हापुन्हा वाकून गंजाचं बूड पाहत राहिली. आम्हां दोघींना तिच्याकडे पाहवेना.